काळू नदीकाठी गॅसलाइनसाठी ड्रिलिंग: गावानं नेमकं काय तपासायचं?

काळूकाठ (धागाकर्ता)

कल्याण तालुक्यात काळू नदीच्या काठी, गावठाणापासून साधारण ३०० मीटरवर, ड्रिलिंगचं मोठं यंत्र उभं राहिलं आहे. शेजारी बेंटोनाइटच्या गोण्यांची थप्पी, स्लरीसाठी खोदलेला खड्डा, आणि पलीकडच्या तीरावर वेल्डिंग करून रोलरवर मांडलेले २४ इंची पाइप. ठेकेदाराची माणसं "नदीखालून गॅसची लाइन जाणार आहे" एवढंच सांगतात. गावात कुणी म्हणतं गॅसची विहीर पाडतायत, कुणी म्हणतं स्फोट झाला तर पंचक्रोशी जाईल, कुणी म्हणतं विहिरी आटतील.

ग्रामसभा तोंडावर आहे. घाबरवणारे मेसेज भरपूर आलेत, ते नकोत. या कामात खरा धोका कुठे आहे आणि गावानं कोणते कागद, कोणत्या चाचण्या मागायच्या, हे जाणकारांनी सांगावं.

कातळ_मुरूम

आधी एक भीती बाजूला काढू. आपल्या जिल्ह्याखाली डेक्कन ट्रॅपचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड आहे. मुंबईजवळचा गॅस येतो समुद्रातून. मुंबई हायचा शोध १९७४ चा, आणि तो गॅस किनाऱ्यावर उतरतो उरणला. काळूच्या काठावर गॅसची विहीर पाडत नाहीत.

तुम्ही वर्णन केलंय ते एचडीडी, म्हणजे आडवं ड्रिलिंग. नदीचं पात्र न खणता खालून भोक पाडून पाइप ओढून घ्यायचा. त्या भोकाच्या टोकाला गॅसचा साठा नसतो, त्यामुळे विहिरीसारखा ब्लोआउट, म्हणजे दाबाखालचा गॅस आवरेनासा होऊन उसळणं, इथे संभवत नाही. आसामात बाघजानला २७ मे २०२० ला झाला तो खऱ्या गॅसविहिरीचा ब्लोआउट. ९ जूनला तिथे आग लागली आणि विहीर पूर्ण ताब्यात यायला नोव्हेंबर उजाडला. तो प्रकार वेगळा, हा वेगळा.

खाडीपल्याड

म्हणजे काळजीचं कारणच नाही, असं म्हणायचंय का? आंध्रात नगरमला २७ जून २०१४ ला फुटली ती विहीर नव्हती, पाइपलाइनच होती. १८ इंची. वीसहून जास्त माणसं गेली.

कातळ_मुरूम

@खाडीपल्याड, तसं म्हटलेलं नाही. ड्रिलिंगचे धोके वेगळे आणि गॅस सुरू झाल्यानंतरचे वेगळे, दोन्हींची सरमिसळ नको एवढंच. नगरमची लाइन कोरड्या गॅससाठी होती आणि तिच्यातून पाणी, कंडेन्सेट (गॅसमधून निघणारं द्रव इंधन) असलेला ओला गॅस वाहत होता. पाइप आतून गंजला. तो धोका देखभालीचा.

पायलट_बोअर

एचडीडीची कामं याच पट्ट्यातल्या दगडात असतात, म्हणून जरा सविस्तर.

काम तीन टप्प्यांत होतं. पहिला पायलट बोअर: यंत्र जमिनीशी दहा-बारा अंशांचा कोन करून लहान व्यासाचं भोक पाडत जातं, टोकाजवळच्या सेन्सरवरून दिशा कळते, आणि बिट (दगड कापणारं टोक) पलीकडच्या तीरावर ठरल्या जागी बाहेर येतो. दुसरा रीमिंग: तेच भोक टप्प्याटप्प्यानं मोठं करतात. २४ इंची पाइपला भोक साधारण ३६ इंची लागतं. तिसरा पुलबॅक: पलीकडे जोडून ठेवलेली अख्खी लांबी एका दमात ओढून घ्यायची. पुलबॅक मध्येच थांबला तर भोक बसतं आणि पाइप अडकतो. म्हणून तो सलग, रात्रभरसुद्धा चालतो. त्या रात्री आवाज आणि दिवे असणार, हे गावाला आधी कळवायला हवं.

आता गावानं लक्ष कुठे ठेवायचं ते. बेंटोनाइट म्हणजे चिकणमातीच. ती पाण्यात कालवून दाबानं भोकात सोडतात, हीच स्लरी. ती बिट थंड ठेवते, भोक धरून ठेवते आणि दगडाचा चुरा बाहेर आणते. पण आपला बेसॉल्ट एकसंध नाही. त्यात सांधे आहेत, दोन लाव्हाथरांच्या मधे तांबड्या मातीचा पट्टा आहे, वर मुरूम. स्लरीचा दाब वरच्या मातीच्या वजनापेक्षा जास्त झाला की ती फटीतून वर येते, कधी शेतात, कधी नदीच्या पात्रात. याला साइटवर फ्रॅकआउट म्हणतात. सगळ्यात जास्त शक्यता दोन्ही टोकांना, कारण तिथे वरचा थर कमी जाडीचा असतो.

ओळखायचं कसं? खड्ड्यात परत येणारी स्लरी एकदम कमी होते आणि पंपाचा दाब पडतो. त्या क्षणी पंप बंद करायला हवा. ऑपरेटर "थोडं पुढे जाऊन बघू" म्हणत राहिला की डबकं होतं. बाहेर आलेल्या स्लरीभोवती वाळूच्या गोण्या लावायच्या आणि व्हॅक्यूम टँकरनं ती उचलायची. पाणी मारून नदीत ढकलायची नाही. हे साहित्य साइटवर आधीपासून आहे का, ते बघा. ऐनवेळी मागवलेला टँकर येईस्तोवर सगळं नदीत गेलेलं असतं.

विहिरीचं_पाणी

स्लरी विषारी नसते म्हणतात. मग विहिरींचं काय बिघडतं?

पायलट_बोअर

निव्वळ बेंटोनाइट विषारी नाही. तरी तीन गोष्टी आहेत. अतिबारीक गाळ विहिरीच्या झऱ्यांची तोंडं बुजवतो आणि नदीत गेला तर माशांच्या अंड्यांवर बसतो. सोडा ॲश घातलेली असते म्हणून सामू (पीएच) वाढतो. आणि पॉलिमर, फेस, वंगण अशी इतर द्रव्यं घालतात, ती प्रत्येक ठेकेदाराची वेगळी. त्या प्रत्येक द्रव्याची सुरक्षा माहिती पत्रिका मागा. ती साइटवर असायलाच हवी.

लॅबवाला_बदलापूर

@विहिरीचं_पाणी, पायलट बोअर सुरू व्हायच्या आधीचं मोजमाप नसेल तर नंतर काहीच सिद्ध करता येत नाही. मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या विहिरी आणि बोअर धरा. प्रत्येकीचं नाव, गट क्रमांक, कठड्यापासून पाण्याची खोली, गढूळपणा, सामू, विरघळलेले क्षार. दोन बाटल्या भरायच्या. एक प्रयोगशाळेला, दुसरी सील करून ग्रामपंचायतीत. सीलवर ठेकेदाराच्या माणसाची सही घ्या, निदान त्याच्यासमोर भरल्याचा पंचनामा तरी करा. काम चालू असताना रोज सकाळी गढूळपणा नुसत्या डोळ्यांनी बघितला तरी चालेल: काचेचा ग्लास पांढऱ्या कागदासमोर धरायचा आणि फोटो काढायचा, तारखेसकट. बेंटोनाइट मिसळलं असेल तर पाणी राखाडी दुधट दिसतं आणि तासन्‌तास निवळत नाही. पावसाचा गाळ लाल असतो आणि बऱ्यापैकी लवकर खाली बसतो.

डंपर_आणि_चुरा

सगळे स्लरीबद्दल बोलताहेत. चुऱ्याचं कुणी विचारलंच नाही! ३६ इंची भोक म्हणजे दर मीटरला ०.६५ घनमीटर दगड. क्रॉसिंग ४०० मीटरचं धरलं तर २६० घनमीटर, आणि फोडलेला दगड फुगतो तो धरून तीस-चाळीस डंपर. त्यावर स्लरीचा राडा. हे कुठे टाकणार ते लेखी घ्या. बहुतेक ठिकाणी जवळच्या ओढ्याच्या काठची पडीक जमीन "भरून देतो" म्हणून कुणाला तरी पटवतात, आणि पहिल्याच पावसात ते सगळं खालच्या भातशेतीत उतरतं. बेंटोनाइटचा थर बसलेल्या खाचरात मुळाशी हवा जात नाही.

ठाम_विरोध

इतकं सगळं सांभाळत बसण्यापेक्षा सरळ विरोध करा. काम बंद पाडा. जनसुनावणी न घेता लाइन टाकतातच कशी?

कागदपत्र_शहापूर

@ठाम_विरोध, भावना समजते. पण कायदा कुठे उभा आहे ते आधी बघू.

पर्यावरण आघात अधिसूचना २००६ मध्ये पाइपलाइन येतात, पण राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, प्रवाळ, संवेदनशील क्षेत्र यांतून जाणाऱ्या. नुसत्या शेतजमिनीतून जाणाऱ्या लाइनला जनसुनावणी लागत नाही. हे बरोबर की चूक यावर वाद घालता येईल, पण आज स्थिती ही आहे.

जमिनीसाठी १९६२ चा पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायदा लागतो. यात जमीन संपादित होत नाही, फक्त वापरहक्क घेतला जातो. मालकी तुमचीच, सातबारा तुमचाच. कलम ३(१) ची अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे हरकत घ्यायची असते. पाइप काठावर येऊन पडलेत, म्हणजे ती मुदत केव्हाच गेलेली असणार. अधिसूचनेची तारीख आणि त्यातले गट क्रमांक आधी मिळवा. प्रत्यक्ष आखणी त्या गटांच्या बाहेर गेली असेल तर मात्र काम थांबवायला ठोस मुद्दा आहे, आणि असं घडतं.

भरपाई दोन प्रकारची, ती वेगवेगळी मागायची. कलम १० प्रमाणे पीक, झाडं, बांध, विहीर यांचं जे नुकसान होईल ते. शिवाय वापरहक्कापोटी अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या १० टक्के. रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. नुकसानभरपाई जमिनीत हितसंबंध असलेल्या कोणाही व्यक्तीला आहे, फक्त सातबाऱ्यावरच्या मालकाला नाही. कूळ किंवा अर्धेलीनं कसणारा कातकरी असेल तर पंचनाम्यात त्याचं नाव आलंच पाहिजे. नेमकं तेच राहतं.

ठाम_विरोध

दहा टक्के! आणि वापरहक्काच्या त्या पट्ट्यात पुढे घर बांधता येत नाही ते सांगा की.

कागदपत्र_शहापूर

बरोबर आहे, तेच सांगायचं राहिलं होतं. कलम ९: पट्ट्यात बांधकाम नाही, विहीर-तळं-बंधारा नाही, झाड लावायचं नाही. भात, नाचणी, भाजीपाला चालतो. आपल्याकडे शेतजमिनीचा भाव गोदामाच्या हिशेबानं ठरतो, म्हणून दहा टक्के फारच अपुरे आहेत, याबद्दल माझंही दुमत नाही. ग्रामसभेनं त्यावर ठराव जरूर करावा.

सावळा_गोंधळ

उपयुक्त धागा. वाचनखूण साठवली.

पडघा_रेषा

मुख्य धोका अजून कुणी पुरेसा मांडलेला नाही, असं माझं मत. ड्रिलिंग काही आठवड्यांत संपतं. लाइन मात्र पुढची कित्येक वर्षं दाबाखाली राहणार आहे. आणि नदीखालचा भाग सगळ्यात सुरक्षित असतो, तिथे जेसीबी पोचतच नाही. फुटण्याची भीती नदीच्या अलीकडे-पलीकडे, जिथे पाइप जेमतेम एक मीटर मातीखाली आहे.

ठाणे ग्रामीणमध्ये ती माती कोण काढतं? वीटभट्टीवाले. एका हंगामात शेतातली फूट-दीड फूट माती जाते. एक मीटरचं आवरण एक-दोन हंगामांत अर्ध्यावर येतं आणि नांगराला नाही तरी पोकलेनच्या दाताला पाइप लागतो. पाइप तेव्हाच फुटतो असंही नाही. ओरखडा पडतो, वरचं प्लॅस्टिकचं कोटिंग निघतं, वर माती लोटून माणूस गप्प बसतो. तिथून गंज सुरू. म्हणून ओरखडा लपवणं फुटण्याइतकंच वाईट.

दुसरे बोअरवेलवाले. गाडी रात्री येते, पहाटे जाते. पट्ट्याच्या खुणेचे पिवळे खांब शेतात आडवे येतात म्हणून कुणी उपटलेले असले की संपलंच.

तिसरी गोदामं. भिवंडीकडे बघा. पाइपच्या जाडीचा हिशेब वस्तीवर ठरतो: लाइनच्या दोन्ही बाजूंना २०० मीटर, लांबी १.६ किलोमीटर, एवढ्या चौकटीत घरं किती ते मोजतात. दहापर्यंत असतील तर पहिला वर्ग, ४६ किंवा जास्त झाली की तिसरा. ९२ बार दाब आणि एक्स-७० पोलाद धरून २४ इंची पाइपची जाडी काढली तर पहिल्या वर्गात ८ मिलिमीटर निघते, तिसऱ्यात साडेअकरा. आज रान आहे म्हणून पातळ पाइप टाकला आणि पाच वर्षांत गोदामं, चाळी, ढाबे उभे राहिले तर? पाइप तोच राहतो. दाब उतरवायचा की पाइप बदलायचा, हा निर्णय मग कंपनीला घ्यावा लागतो, आणि त्यासाठी तिला वस्ती वाढल्याचं कळायला हवं. ग्रामपंचायतीनं बांधकाम नोंदी दरवर्षी लेखी कळवाव्यात.

काळूकाठ

@पडघा_रेषा, गावठाण ३०० मीटरवर आहे, पण एक पाडा आणि अंगणवाडी लाइनपासून ८०-९० मीटरवर येतात. तिथे किती धोका धरायचा?

पडघा_रेषा

ढोबळ सूत्र आहे: इंचातला व्यास गुणिले पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ०.६९, उत्तर फुटांत. २४ इंच आणि ९२ बारला साधारण १८५ मीटर येतात. लाइन पूर्ण फुटून पेटली तर तेवढ्या अंतरात उघड्यावरच्या माणसाला जीवघेणी भाजणी होऊ शकते. गावठाण बाहेर आहे, पाडा आणि अंगणवाडी आत. हे अंतर म्हणजे "होणारच" नव्हे. पण आपत्कालीन आराखड्यात या दोन जागांची नावं आहेत का, हे विचारायला पुरेसं कारण आहे. तिथे जाड पाइप मागा.

अंगणवाडीबद्दल आणखी एक. मुलांनी पळायचं कुठे, हे आधी ठरलेलं हवं. लाइनपासून काटकोनात, वाऱ्याच्या उलट दिशेला. पक्क्या भिंतीच्या आडोशानं.

व्हॉल्व्ह_स्टेशन

"गळती झाली की व्हॉल्व्ह बंद करतात" हे ऐकून निर्धास्त होऊ नका. दोन व्हॉल्व्हमधलं अंतर वस्तीप्रमाणे असतं, पहिल्या वर्गात ३२ किलोमीटरपर्यंत, तिसऱ्यात १६. सोळाच धरले तरी २४ इंची पाइपात ९२ बारला चार लाख घनमीटरांहून जास्त गॅस अडकलेला असतो. दोन्ही व्हॉल्व्ह मिटले तरी तेवढा गॅस बाहेर पडून संपेपर्यंत आग जळत राहते. म्हणून ती विझवायचा प्रयत्न करायचाच नाही. ज्वाला विझली आणि गॅस येत राहिला तर तो पसरतो, नि मग पेटतो. अग्निशमन दल आजूबाजूची घरं थंड ठेवतं, ते योग्यच.

सगळ्यांना माहीत हवी अशी गोष्ट: लांब पल्ल्याच्या लाइनमधल्या गॅसला सहसा वास नसतो. घरच्या गॅसचा वास हा मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा, आणि ते शहराच्या गेट स्टेशनवर घालतात. शेतातल्या लाइनला गळती लागली तर नाकाला कळणार नाही. डोळ्यांना आणि कानांना कळेल: शिट्टीसारखा आवाज, कोरड्या जमिनीतून उडणारी धूळ, हिरव्या पिकात एकाच जागी पिवळा पडलेला गोल, भरलेल्या खाचरात सतत येणारे बुडबुडे, कधी जमिनीवर बर्फासारखा थर.

असं दिसलं तर मोटारसायकल चालू करायची नाही, पंपाचं बटण दाबायचं नाही, बिडी नाही. फोनसुद्धा दूर गेल्यावर. खांबावरचा नंबर आणि ११२. तो नंबर प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवा, कारण ऐनवेळी खांबापर्यंत चालत जायचं नसतं.

भातकरी_मुरबाड

मग राब भाजायचं (भाताच्या रोपांसाठी खाचरात पालापाचोळा जाळायचं) काय? पट्ट्यातल्या खाचरात राब भाजला तर पाइप तापेल का?

पायलट_बोअर

एक मीटर मातीखाली राबाची धग पोचत नाही. भाजायला हरकत नसावी.

व्हॉल्व्ह_स्टेशन

@पायलट_बोअर, इथे असहमत. प्रश्न धगीचा नाहीच. बिनवासाची बारीक गळती असेल तर राबाची आग हीच पहिली ठिणगी. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन पेटायला पुरतो. रोपवाटिका पट्ट्याच्या बाहेरच्या खाचरात घ्या आणि भाजणीच्या दिवशी लाइनमनला कळवा. गावातून लाइन तपासत चालणारा माणूस ठरलेला असतो, त्याची ओळख ठेवलेली बरी.

पायलट_बोअर

पटलं.

सीपी_मीटर

गंजावर थोडं. पाइपला बाहेरून कोटिंग आणि शिवाय कॅथोडिक संरक्षणाचा विद्युतप्रवाह असतो. साधारण किलोमीटरमागे एक टेस्ट पोस्ट, म्हणजे मोजणीचा खांब. तिथलं रीडिंग तांबं-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून उणे असावं लागतं. पडघ्याच्या ४०० केव्ही सबस्टेशनमुळे आपल्याकडे टॉवरलाइनी पुष्कळ. गॅसलाइन टॉवरना समांतर जात असेल तर पाइपात एसी व्होल्टेज शिरतं. १५ व्होल्टच्या वर गेलं तर टेस्ट पोस्टला हात लावणाऱ्यालाही झटका बसतो आणि कोटिंगच्या बारीक छिद्रात गंज वेगानं वाढतो. तुमच्या गावाच्या हद्दीत टॉवरलाइन समांतर आहे का? असेल तर एसीचा निचरा कुठे केलाय ते विचारा. आणि पोरांनी टेस्ट पोस्टच्या वायरी काढल्या तर ते तांब्याच्या चोरीपुरतं राहत नाही.

नदीखालच्या तुकड्याबद्दल सावधगिरी: तो खोल असल्यानं नंतर खणून कोटिंग दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे ओढण्याआधी प्रत्येक सांध्याची हॉलिडे चाचणी (कोटिंगमधली छिद्रं शोधणारी), घर्षण सोसणारं जादा कोटिंग, आणि ओढल्यावर कोटिंगची विद्युत चाचणी. पलीकडच्या टोकाला बाहेर आलेल्या पहिल्या काही मीटरवर ओरखडे दिसतात का बघा. तिथे खोल चरे असतील तर आत काय झालं असेल याचा अंदाज येतो.

काळूकाठ

एवढी नेमकी माहिती एकत्र मिळेल असं वाटलं नव्हतं. ग्रामसभेत आता "स्फोट होईल का" ऐवजी हे विचारायचं ठरतंय: ३(१) ची अधिसूचना आणि गट क्रमांक, पाडा-अंगणवाडीजवळ वस्तीचा कोणता वर्ग धरला आणि पाइपची जाडी किती, स्लरीतल्या द्रव्यांच्या पत्रिका, चुरा टाकायची जागा, विहिरींचे आधीचे नमुने, आपत्कालीन आराखड्यात गावाचा उल्लेख. काही सुटतंय का?

डंपर_आणि_चुरा

चाचणीचं पाणी. पाइप पाण्यानं भरून चालू दाबाच्या किमान सव्वापट दाबावर तपासतात. ते पाणी उपसणार कुठून आणि सोडणार कुठे? उन्हाळ्यात काळूतून उपसलं तर खालच्या नळयोजनेला मार बसतो. त्यात गंजरोधक घातलं असेल तर तसंच नदीत सोडता कामा नये.

लॅबवाला_बदलापूर

नमुने पायलट बोअरच्या आधी. यंत्र उभं आहे म्हणताय, तर ग्रामसभेची वाट बघू नका.

भातकरी_मुरबाड

बांधांचं लिहून घ्या. चर खणताना वरची काळी माती आणि खालचा मुरूम वेगवेगळे ढीग हवेत आणि भरताना मुरूम आधी, माती वर. उलटं झालं की त्या पट्ट्यात चिखलणी करूनही पाणी थांबत नाही, खालचा कठीण थर फुटलेला असतो. बांध नुसता मातीचा ढीग लोटून देतात, तो पहिल्या पावसात फुटतो आणि वरच्या खाचराचं पाणी खालच्याच्या रोपांवर येतं. बांध थराथरानं चोपून, मूळच्या उंचीला, मृगाच्या आधी. भरलेला चर पावसात खचतोच, म्हणून दिवाळीनंतर परत येऊन भराई करून देण्याची अट पंचनाम्यातच घाला. "जमीन पूर्ववत मिळाली" या कागदावर एक पावसाळा जाईपर्यंत सही करू नका.

कागदपत्र_शहापूर

शेवटचं वाक्य ग्रामसभेच्या ठरावात शब्दशः घ्या, आणि ठरावाची प्रत सक्षम प्राधिकारी, तहसीलदार आणि कंपनीला पोच घेऊन द्या. सातबाऱ्यावर "इतर हक्क" रकान्यात वापरहक्काची नोंद आली की पट्ट्याची रुंदी मोजणीच्या नकाशाशी ताडून बघायची. रुंदी जास्त लागली असेल तर हरकत तलाठ्याकडे लेखी.

काळूकाठ

नमुने उद्या सकाळी भरतोय. टॉवरलाइन समांतर आहे, नदीपासून रस्त्यापर्यंत. @सीपी_मीटर, एसीच्या निचऱ्याबद्दल पत्रात नेमकं काय लिहायचं?

सीपी_मीटर

लिहा: "टॉवरलाइनला समांतर भागातलं पाइपवरचं एसी व्होल्टेज लाइन पुरल्यानंतर मोजून कळवावं, आणि ते १५ व्होल्टपेक्षा जास्त आढळल्यास निचऱ्यासाठी अर्थिंग कुठे बसवणार ते नकाशावर दाखवावं." मोजणी दुपारी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा मागा. टॉवरमधला भार संध्याकाळी वाढतो, दुपारचा एकच आकडा पुरत नाही.